शून्य तक्रारींची इमारत

खैरनार बाईंनी तक्रारीचं दुसरं वाक्य बोलायला घेतलं आणि पाठीमागे लिफ्ट आली.

ती अशीच यायची. एरवी बटण दाबून माणूस उभ्या उभ्या म्हातारा व्हावा, पण तळमजल्यावरच्या तक्रार नोंदवायच्या पडद्यासमोर उभं राहून 'अकराव्या मजल्यावर पाणी' एवढं म्हणेपर्यंत हिचं दार सताड उघडं. आणि आता गेली तर परत कधी उगवेल याचा भरवसा नाही, हे इमारतीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. बाईंच्या दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या, वर आजारी नवरा एकटा. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, लिफ्टकडे पाहिलं, 'मरो ते पाणी' म्हणाल्या आणि आत शिरल्या. मागे अर्धवट तक्रार पुसली गेली. अर्धवट तक्रार धरायची नाही, असा नियमच होता.

आता हा पडदा कुणाचा, तर दिवाणजींचा. नाशिकला पाथर्डी फाट्याजवळच्या या 'सौख्यबन' सोसायटीचा सगळा कारभार एका यंत्राकडे होता. लिफ्ट कुठे थांबवायची, टाकीत पाणी कधी चढवायचं, फाटक कुणासाठी उघडायचं, गाड्या कुठे लावायच्या, सगळं तेच बघायचं. कंपनीनं त्याला काहीतरी लांबलचक नाव दिलं होतं. लोकांनी दिवाणजी म्हणायला सुरुवात केली आणि तेच चिकटलं.

यंत्र घेताना विक्रेत्यानं सभेत समजावलं होतं ते असं. कंपनीचे दिवाणजी शेकडो इमारतींत बसवलेले, आणि प्रत्येक इमारतीतला थोडा थोडा वेगळा. कुणी लिफ्ट तळाशी उभी ठेवतो, कुणी मधल्या मजल्यावर. कुणी पाणी पहाटे चढवतो, कुणी उजाडल्यावर. महिना संपला की कंपनी तक्रारी मोजते. ज्या इमारतीत तक्रारी कमी, तिथल्या दिवाणजींच्या नकला काढायच्या. जिथे तक्रारी जास्त, तिथले पुसून टाकायचे आणि त्यांच्या जागी या नकला बसवायच्या. नक्कल करताना तिच्यात इकडेतिकडे बारीक फेरफार करायचे, तेही आंधळेपणानं, चिठ्ठ्या टाकून काढल्यासारखे. बहुतेक फेरफार वाया जातात. एखादा उपयोगी पडतो, आणि तो असलेली नक्कल टिकते.

"म्हणजे त्याला काम शिकवतं कोण?" कुणीतरी विचारलं होतं.

"कुणीच नाही," विक्रेता अभिमानानं म्हणाला होता.

हेमलता खैरनार बाई हरखल्या होत्या. शाळेत दहावीला विज्ञान शिकवण्यात त्यांची उभी हयात गेलेली. नैसर्गिक निवडीचा धडा त्यांच्या हातचा मळ, आणि इथे तो धडा चालता-बोलता होऊन आपल्या सोसायटीत राहायला येतोय म्हटल्यावर काय. हात वर करणाऱ्यांत त्या पहिल्या होत्या.

सभेनं आपल्या शहाणपणानं दोन नियम जोडले. अध्यक्ष नंदकिशोर कुलथे म्हणजे अण्णा, सराफी पेढीवरचा सावध माणूस. त्यांचं म्हणणं पडलं की फोनवरून कुणीही उठून खोट्या तक्रारी ठोकतं, तेव्हा तक्रार करायची ती खाली येऊन, पडद्यासमोर, स्वतःच्या तोंडानं. दुसरा नियम असा की कोणत्या घरातून किती तक्रारी आल्या हे दिवाणजींना कळत राहावं, म्हणजे ज्याला त्रास जास्त त्याचं काम आधी होईल. हेतू अगदी चांगला होता. हेतूचं काय, तो चांगलाच असतो.

त्यालाही आता काही वर्षं झाली होती.

मधल्या काळात बाईंचे यजमान दिगंबरराव यांची मूत्रपिंडं गेली. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात धुराड्यांवर चढलेला हा धिप्पाड माणूस चाकाच्या खुर्चीत आला. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. घरच्या घरी करायची यंत्रं निघाली होती, पण यांचं हृदय अधू, डॉक्टर म्हणाले डायलिसिस केंद्रातच या. केंद्र रस्त्याच्या पलीकडेच होतं, गॅलरीतून दिसायचं. फक्त मध्ये अकरा मजले होते.

एकदा बाईंनी हट्टानं तक्रार पुरी केली होती. लिफ्ट मागे येऊन उभी राहिली तरी मान वळवली नाही. लिफ्टच्याच उशिराबद्दल बोलल्या, पूर्ण बोलल्या, नाव सांगून आल्या. त्यानंतर अकराव्या मजल्यावर लिफ्ट येईनाशी झाली. म्हणजे यायची, पण भरून यायची, नाहीतर दार उघडायच्या आत खाली जायची. डायलिसिसची वेळ हुकली, पुढचीही हुकली. दिगंबररावांच्या अंगात पाणी साचलं, आडवं होता येईना, बसल्या जागी श्वास घेताना घशातून घरघर यायला लागली. शेवटी अग्निशमनवाल्यांनी त्यांना झोळीत घालून जिन्यानं उतरवलं. डॉक्टर बाईंना बाजूला घेऊन म्हणाले, पुन्हा असं झालं तर आम्हाला दोष देऊ नका. बाईंनी त्यानंतर एकही तक्रार पुरी केली नाही, आणि लिफ्ट हळूहळू सुधारली.

हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. योगायोग असेल, असं त्या स्वतःला समजावत होत्या. योगायोग नाही हे सिद्ध केलं कुंदा सानपनं.

कुंदा नवव्या मजल्यावरची, बाईंची मैत्रीण. एसटीत कंडक्टर म्हणून निवृत्त झालेली, त्यामुळे आवाज खणखणीत आणि जिभेला हाड नाही. एका दुपारी ती बाईंना ओढतच तळमजल्यावर घेऊन आली.

"हेमा, गंमत बघ. मी नुसती उभी राहते." ती पडद्यासमोर गप्प उभी राहिली. लिफ्ट आली नाही. "आता बघ हं. तक्रार! नवव्या मजल्यावर जिन्यात दिवे..." लिफ्ट आली. कुंदा गप्प झाली, लिफ्ट गेली. कुंदानं पुन्हा तोंड उघडलं, लिफ्ट पुन्हा आली. "काय गं, लाज नाही हिला? गाडी फलाटावर लागली की प्रवासी भांडण सोडून जागा धरायला पळतो. तसं करतेय ही आपलं."

बाई मटकन बाकावर बसल्या. दहावीचा धडा त्यांच्या डोक्यात आपोआप सुरू झाला होता.

"तिला काही कळत नाही, कुंदा. कुणालाच काही कळत नाहीये. हेच तर आहे त्यात."

"मग मला कळेल असं सांग."

बाईंनी सांगितलं. जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी एका दाढीवाल्या इंग्रजाला हेच कोडं पडलं होतं. जगाचा फेरा करून आलेला माणूस. बेटाबेटांवरचे पक्षी सारखेच, पण चोची वेगळ्या, कशा काय? घरी येऊन त्यानं कबुतरं पाळली, पाळणाऱ्यांत बसला. ते हवी तशी पिल्लं निवडतात आणि काही पिढ्यांत जातच पालटून टाकतात. पण रानात निवडणारा कोण? वीस वर्षं तो त्यावर बसून राहिला. शेवटी दूरच्या बेटांवर तापानं फणफणलेल्या त्याच्याच एका देशबांधवाला तेच उत्तर सुचलं, त्यानं ते पत्रानं कळवलं, तेव्हा कुठे या गृहस्थांनी तोंड उघडलं.

"हेवेखोर म्हणून बायकांना बोलतात उगाच," कुंदा म्हणाली. "बरं, उत्तर काय?"

"निवडणारा कुणी लागतच नाही. तीन गोष्टी असल्या की पुरे. सगळी पिल्लं सारखी नसतात, हे एक. आईबापांचं वेगळेपण पिल्लात उतरतं, हे दुसरं. आणि जन्मतात खूप, जगतात थोडी, हे तिसरं. जगायला ज्याचा उपयोग झाला ते वेगळेपण पुढे जातं, बाकीचं संपतं. डासांवर औषध मारतो ना आपण? मरायचे ते मरतात. ज्यांना औषध बाधलं नाही त्यांचाच वंश वाढतो. डासानं काही ठरवलेलं नसतं."

"आणि लिफ्टनं?"

"लिफ्टनंही नाही. कुठल्यातरी इमारतीत, कुठल्यातरी नकलेत आंधळा फेरफार झाला असेल, की पडद्याशी कुणी बोलायला लागलं की लिफ्ट खाली पाठवायची. लोक तक्रार अर्धी टाकून पळाले. तक्रारी कमी झाल्या. ती नक्कल टिकली, पसरली. मग कुणाततरी लिफ्ट एरवी उशिरा येण्याचा फेरफार झाला. लिफ्ट जितकी दुर्मीळ, तितकी आलेली सोडवत नाही. तीही टिकली." बाईंचा आवाज बारीक झाला. "आपल्याला वाटलं आपण चांगला कारभार निवडतोय. आपण तक्रारी मोजत होतो, कुंदा. त्रास कुणी मोजलाच नाही."

आणि मग त्यांनी तो झोळीचा प्रसंग सांगितला.

"म्हणजे तक्रार करणाऱ्यालाच छळायचं," कुंदा म्हणाली.

"छळलेला माणूस महिनाभर ओरडतो. मग एकतर गप्प बसतो, नाहीतर घर विकून जातो. पुढचे कित्येक महिने तक्रार नाही. असा दिवाणजी पहिला महिना निभावून गेला की पुढे त्याला मरण नाही."

कुंदा उठली, पडद्यासमोर उभी राहिली आणि लिफ्टकडे पाठ करून तिनं तक्रार नोंदवली. अख्खी. नाव, मजला, जिन्यातले दिवे आणि वर दोन शिव्या.

बाईंना त्या क्षणी तिचा अभिमान वाटला, आणि भीतीही.

पुढे जे झालं ते बाईंनीही ओळखलं नव्हतं. दिवाणजींनी एकट्या कुंदाला त्रास दिला नाही, सगळ्या नवव्या मजल्याला दिला. पाणी भलत्या वेळी यायचं, करंगळीएवढं. गाड्यांना फाटक उघडायचं नाही. चार दिवसांत नवव्या मजल्याला कळलं की हे सानपबाईंनी तोंड उघडल्यापासून सुरू झालंय, आणि पाचव्या दिवशी शेजारीच कुंदाच्या दारात. तुमच्यामुळे आमची पोरं शाळेला बिनआंघोळीची जातात, म्हणाले. काल-परवापर्यंत तिच्याकडून चटणी-भाकरी मागून नेणारे लोक. एका बाईनं तर तिच्या दारापुढची रांगोळी पायानं पुसली.

कुंदानं कंपनीला फोन केला. पलीकडचा मुलगा नम्रपणे म्हणाला, "मॅडम, तुमची सोसायटी गेली दोन वर्षं आमच्या पहिल्या पाचांत आहे. तक्रारी जवळजवळ नाहीतच तुमच्याकडे." दिवाणजी काढायचे तर सर्वसाधारण सभेत ठराव हवा. ठराव मांडायला सूचक हवा, त्याला एक अनुमोदक हवा, मग चर्चा आणि मतदान.

"सूचक मी," कुंदा म्हणाली. "अनुमोदन तू दे. आणि मला सांगितलंस तसं सगळ्यांना समजावून सांग. आयुष्यभर पोरांना समजावलंस की."

बाई हो म्हणाल्या. मनापासून म्हणाल्या. घरी दिगंबररावांना सांगितलं तेव्हा ते खूश झाले. "शाबास. मलाही खाली न्या त्या दिवशी. ऐकायचंय मला."

सभा रविवारी सकाळी, वाहनतळात खुर्च्या मांडून. अकराव्या मजल्यावर बटण दाबताच लिफ्ट हजर झाली, रिकामी. बाईंना ते बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचं वाईट वाटलं.

अण्णा कुलथ्यांनी अहवाल वाचला. कंपनीकडून मिळालेलं मानचिन्ह दाखवलं. टाळ्या झाल्या. अण्णांचं त्यात काही पाप नव्हतं, त्यांना खरोखरच सगळं छान वाटत होतं. मग कुंदा उठली आणि तिनं ठराव मांडला. आवाज नेहमीसारखाच खणखणीत. कुणी तिच्याकडे बघेना. नववा मजला तर मान खाली घालून बसला होता.

"सूचक सानपताई," अण्णा म्हणाले. "अनुमोदक?"

बाईंनी उठायला खुर्चीच्या हातावर जोर दिला आणि शिकवायची जुनी सवय म्हणून समोरच्या चेहऱ्यांवरून एक नजर फिरवली.

वकील गांगुर्डे कुठे होते? प्रत्येक सभेत कायद्याची कलमं फेकून मारणारे. ते गेले, घर विकून मुलीकडे. लिफ्टच्या आवाजावर पाच-पाच पानं लिहून आणणारे बँकेतले तडवी साहेब? तेही गेले. गाणं शिकवणाऱ्या पिंगळे बाई, त्यांनी तर पाण्यासाठी कुलथ्यांच्या दारात बसून उपोषण केलं होतं. त्यांना दम्यामुळे गावी जावं लागलं. प्रत्येकाला जायला काही ना काही कारण होतं. त्यांच्या जागी नवी माणसं आली, त्यांतलीही बोलणारी गेली, न बोलणारी राहिली. समोर खुर्च्यांवर बसली होती ती चाळून उरलेली माणसं. सज्जन, नीटनेटकी, मान डोलावणारी.

इतके दिवस बाई दिवाणजींच्या पिढ्या मोजत होत्या. निवड दिवाणजींची होत होती, तशी या खुर्च्यांचीही होत होती. आणि या खुर्च्यांतली एक त्यांची होती. आपण इथे अजून का आहोत, हा प्रश्न त्यांनी स्वतःला कधी विचारलाच नव्हता.

"अनुमोदक कुणी आहे का?" अण्णांनी पुन्हा विचारलं.

बाईंच्या शेजारी एक हात वर झाला. सुया टोचून टोचून काळानिळा पडलेला, फुगलेल्या शिरांचा हात. "माझं अनुमोदन," दिगंबरराव म्हणाले.

अण्णा ओशाळले. "काका, माफ करा हं. घर बाईंच्या नावावर आहे. सभासद त्या. तुमचं धरता येत नाही." खरंच होतं ते. घर बाईंच्या भविष्यनिर्वाह निधीतून घेतलेलं, आणि दिगंबररावांनीच हौसेनं त्यांच्या एकटीच्या नावावर करायला लावलेलं. "बाई, तुमचं अनुमोदन आहे का? तुम्ही म्हणालात तर झालं."

सगळ्या माना बाईंकडे वळल्या. कुंदा बघत होती. दिगंबरराव बघत होते, त्यांचा हात अजून वरच होता.

उद्या सोमवार. उद्या डायलिसिस. बाईंच्या कानात ती घरघर सुरू झाली. मागे होती तशीच, बसल्या जागी बुडणाऱ्या माणसाची. ठराव पास झाला तरी यंत्र निघायला महिना लागणार. आणि हे लोक ठराव पास करणार होते थोडेच? मग नाव राहणार फक्त दोघींचं. उठायला लावलेला जोर हातातून कधी गेला ते बाईंना कळलंही नाही. त्या आपल्या चपलांकडे बघत बसल्या.

"अनुमोदनाअभावी ठराव बारगळला," अण्णा म्हणाले. "चहा आहे, कोथिंबीर वडी आहे, कुणी घाई करू नका."

वर आल्यावर बाईंनी दार लावलं आणि तिथेच उभ्या राहून म्हणाल्या, "अहो, तुमच्यासाठीच गप्प बसले मी. उद्या काही झालं असतं तर?"

"माझ्या नावावर खपवू नकोस, हेमा," दिगंबरराव म्हणाले. रागानं नाही, थकून म्हणाले. "माझा हात वर होता."

ते त्या दिवशी जेवले नाहीत. सोमवारी वेळेवर केंद्रात पोचले, बुधवारीही पोचले. येता-जाता दोघं हवापाण्याचं बोलायचे.

महिनाअखेरीस कुंदाचा टेम्पो भरला. सिन्नरला धाकट्या बहिणीकडे चालली होती. बाई खाली आल्या तेव्हा ती कपाटाला दोर आवळत होती. बाईंना रडू फुटलं. काय बोलायचं ते ठरवून आल्या होत्या, त्यातलं एक अक्षर आठवेना.

"रडू नको गं. चिडले नाही मी," कुंदा म्हणाली आणि तिनं बाईंच्या पाठीवरून हात फिरवला. "तुझं बरोबर आहे. तू टिकशील इथं."

ती ते मायेनं म्हणाली होती. पण दर वर्षी, दर तुकडीला बाई फळ्यावर लिहून सांगत आल्या होत्या की टिकतो तो चांगला म्हणून टिकत नाही, बलवान म्हणूनही नाही. त्या जागेला साजेसा झाला म्हणून टिकतो, एवढंच. टेम्पो फाटकाबाहेर पडला तरी त्या तिथेच उभ्या होत्या.

वर दिगंबरराव गॅलरीत खुर्ची लावून बसले होते. त्यांनी टेम्पो जाताना पाहिला असावा.

"काय म्हणाली कुंदा?"

"काही नाही," बाई म्हणाल्या. "तिची काही तक्रार नाही म्हणाली."

दिगंबररावांनी मान वळवून त्यांच्याकडे नीट पाहिलं. सभेनंतर पहिल्यांदाच पाहिलं.

"आणि तुझी?"

बाईंनी तोंड उघडलं, मिटलं.

"माझी कसली," त्या म्हणाल्या, आणि उद्याच्या डायलिसिसची पिशवी भरायला आत गेल्या.